घरगुती गाडीतून घडलेली ‘गॉडझिला’ : निसान जीटी-आरचा ५६ वर्षांचा इतिहास

गावातल्या पोरांच्या मोबाइलवर कार रेसिंगचा एखादा गेम असतोच. त्या गेममध्ये मागच्या बाजूला चार गोल लाल दिवे असलेली एक जपानी गाडी हमखास भेटते. पोरं तिला नुसतं ‘जीटीआर’ म्हणतात. रिक्षाच्या मागच्या काचेवर, दुचाकीच्या टाकीवर या तीन अक्षरांचं स्टिकरही दिसतं. खरी गाडी मात्र आपल्या तालुक्यात फारच थोड्या जणांनी पाहिली असेल.

ही गाडी म्हणजे निसान जीटी-आर. फेब्रुवारी १९६९ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आली आणि २६ ऑगस्ट २०२५ ला जपानमधल्या तोचिगी कारखान्यातून तिची शेवटची गाडी बाहेर पडली. या ५६ वर्षांत ती तीन वेळा बंद झाली. विशेष म्हणजे तिन्ही वेळा तिला बंद पाडणारी दुसरी कुठली गाडी नव्हती. कधी धुराचे नियम आडवे आले, कधी कंपनीची तिजोरी रिकामी झाली, तर कधी सुटे भाग मिळेनासे झाले. गाडी बंद झाली तरी नाव टिकलं, कारण ते नाव कंपनीनं कुठल्याही गाडीला लावलं नाही. हा सगळा इतिहास सोप्या भाषेत पाहू.

विमानाच्या कारखान्यातले कारागीर

जीटी-आरची मूळ गाडी ‘स्कायलाइन’. आणि स्कायलाइन मुळात निसानची नव्हतीच. ती ‘प्रिन्स’ नावाच्या कंपनीची.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरला आणि तिथे विमानं बनवायला बंदी आली. ताचिकावा आणि नाकाजिमा या दोन मोठ्या विमान कंपन्यांतले इंजिनिअर, फिटर, पत्रा ठोकणारे कारागीर रिकामे झाले. हातात कसब होतं, काम नव्हतं. ताचिकावातल्या काही जणांनी १९४७ मध्ये ‘तामा’ नावाची चक्क बॅटरीवर चालणारी गाडी काढली, कारण त्या वेळी जपानमध्ये पेट्रोल मिळायचीच पंचाईत होती. आज आपण ई-स्कूटरला नवीन म्हणतो, पण ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढे ही मंडळी आणि नाकाजिमाचे इंजिनवाले एकत्र आले. १९५२ मध्ये जपानचे युवराज अकिहितो यांचा युवराजपदाचा सोहळा झाला, त्याच्या मानानं गाडीला ‘प्रिन्स’ नाव दिलं. १९५७ मध्ये याच मंडळींनी ‘स्कायलाइन’ बाजारात आणली. चार दरवाजे, दीड लिटरचं इंजिन, कुटुंबानं बसून फिरायची गाडी. तिच्यावर काम करणाऱ्यांत शिनइचिरो साकुराई हे तरुण इंजिनिअर होते. पुढची जवळपास तीन दशकं स्कायलाइन म्हटलं की साकुराई, असं समीकरण जपानमध्ये झालं.

१९६४ : हरूनही गाजलेली शर्यत

१९६३ मध्ये सुझुका इथल्या ट्रॅकवर पहिली जपान ग्रां प्री झाली. त्यात प्रिन्सच्या गाड्या सपाटून मागे पडल्या. पुढच्या वर्षी काहीतरी करून दाखवायचं, या ईर्षेनं साकुराई आणि त्यांचे सहकारी कामाला लागले.

त्यांनी केलेला उपाय आपल्याकडच्या गॅरेजवाल्याला लगेच समजेल असा आहे. कंपनीच्या मोठ्या ‘ग्लोरिया’ गाडीत सहा सिलिंडरचं सुमारे दोन लिटरचं इंजिन होतं. ते छोट्या स्कायलाइनमध्ये बसवायचं ठरलं. पण इंजिन लांब आणि जागा कमी. मग त्यांनी गाडीचं नाकच २० सेंटिमीटरनं वाढवलं आणि इंजिन आत बसवलं. शर्यतीच्या नियमासाठी अशा १०० गाड्या बनवायच्या होत्या, त्या बनवल्या.

मे १९६४ मध्ये सुझुकाला शर्यत लागली. ऐन वेळी समोर जर्मनीची पोर्शे ९०४ आली. ही गाडी बनवलेलीच शर्यतीसाठी, जमिनीला चिकटून पळणारी. तिच्यापुढे स्कायलाइन म्हणजे नाक वाढवलेली घरगुती गाडी. तरीही एका फेरीत तेत्सु इकुझावा या तरुण ड्रायव्हरनं पोर्शेला मागे टाकलं आणि स्टँडसमोरून पहिल्या नंबरनं गाडी काढली. तिथे बसलेले लोक उभे राहिले.

तो आनंद फार वेळ टिकला नाही. शर्यत पोर्शेनंच जिंकली. पण दुसऱ्यापासून सहाव्या नंबरपर्यंत सगळ्या स्कायलाइन होत्या. कोण जिंकलं हे पुढे बरेच जण विसरले, ती एक फेरी मात्र लोकांच्या लक्षात राहिली. चार दरवाजांच्या गाडीनं पोर्शेला गाठलं, ही गोष्ट जपानभर झाली. जीटी-आरचं खरं बी इथं पेरलं गेलं.

ऑगस्ट १९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली. कंपनीचं नाव गेलं, पण स्कायलाइन हे गाडीचं नाव आणि ती बनवणारी माणसं राहिली.

१९६९ : पहिली जीटी-आर

फेब्रुवारी १९६९ मध्ये ‘स्कायलाइन २०००जीटी-आर’ विक्रीला आली. जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग, लांब पल्ल्याची दमदार गाडी. आर म्हणजे रेसिंग.

बाहेरून ती साधी चार दरवाजांचीच गाडी होती. खरी करामत बॉनेटखाली होती. प्रिन्सनं निव्वळ शर्यतीसाठी आर-३८० नावाची गाडी बनवली होती आणि तिनं १९६६ ची जपान ग्रां प्री जिंकली होती. तिच्या इंजिनाच्या अनुभवावरून रस्त्यावरच्या गाडीसाठी ‘एस-२०’ इंजिन तयार केलं. १,९८९ सीसी, सहा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण २४. ताकद १६० पीएस. पीएस हे माप आपल्या एचपीपेक्षा किंचित लहान. आपल्याकडचा मधला ट्रॅक्टर ४५ ते ५० एचपीचा असतो, म्हणजे अंदाज येईल. अर्थात ट्रॅक्टरची ताकद ओढायला असते आणि या गाडीची पळायला, हा फरक आहेच.

३ मे १९६९ ला ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली. रेषा पहिल्यांदा ओलांडली ती टोयोटाच्या गाडीनं. पण तिनं मागच्या गाडीचा रस्ता अडवला, असा निर्णय पंचांनी दिला आणि विजय जीटी-आरला मिळाला. म्हणजे पहिला विजय थोडा वादातलाच. पुढच्या विजयांवर मात्र कुणी बोट ठेवू शकलं नाही. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये दोन दरवाजांची जीटी-आर आली. दोन चाकांमधलं अंतर सात सेंटिमीटरनं कमी केल्यामुळे ती वळणावर आणखी चपळ झाली.

जपानमध्ये या गाडीचे सलग ४९ विजय मोजले जातात. डिसेंबर १९७१ मध्ये माझदाच्या रोटरी इंजिनवाल्या सावाना गाडीनं ही मालिका तोडली. मार्च १९७२ मध्ये फुजीच्या ट्रॅकवर भर पावसात जीटी-आरनं पन्नासावा विजय मिळवला. लोकांनी या गाडीला ‘हाकोसुका’ असं लाडाचं नाव दिलं. हाको म्हणजे खोकं. खोक्यासारखी चौकोनी स्कायलाइन, म्हणून हाकोसुका. चार आणि दोन दरवाजांच्या मिळून अशा सुमारे दोन हजारच गाड्या बनल्या.

१९७३ : फक्त १९७ गाड्या, मग शांतता

जानेवारी १९७३ मध्ये दुसरी जीटी-आर आली. त्या वेळच्या स्कायलाइनच्या जाहिरातीत केन आणि मेरी नावाचं एक तरुण जोडपं दाखवलं होतं. जाहिरात इतकी गाजली की गाडीचं नावच ‘केनमेरी’ पडलं. मागच्या बाजूला चार गोल दिवे जीटी-आरला याच पिढीपासून मिळाले आणि शेवटच्या गाडीपर्यंत टिकले.

पण काळ बदलला होता. जपानच्या शहरांत धुरानं लोक हैराण झाले होते, म्हणून सरकारनं गाड्यांच्या धुरावर कडक नियम आणले. शर्यतीसाठी घडवलेलं एस-२० इंजिन त्या नियमात बसेना. अवघ्या १९७ गाड्या बनवून जीटी-आर बंद करावी लागली. शर्यतीची केनमेरी प्रदर्शनात मांडली होती, पण ट्रॅकवर ती कधी उतरलीच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेलाचं जागतिक संकट आलं आणि वेगवान गाडीचं नाव काढायची सोय उरली नाही.

आपल्याकडे बीएस-४, बीएस-६ आल्यावर काही चांगली चालणारी मॉडेलं कंपन्यांनी गुंडाळली, हे आपण पाहिलंय. जपाननं तेच पन्नास वर्षांपूर्वी पाहिलं.

यानंतर तब्बल १६ वर्षं जीटी-आर नव्हती. स्कायलाइन मात्र विकली जात होती, तिच्या नवनव्या पिढ्या येत होत्या. त्यातल्या काही बऱ्यापैकी पळणाऱ्याही होत्या. ‘जीटी-आर’ अक्षरं चिकटवून त्या जास्त खपवता आल्या असत्या. पण कंपनीनं तसं केलं नाही. लायक गाडी होईल तेव्हाच नाव लावायचं, हे पथ्य पाळलं. आज या नावाला जो मान आहे, त्यात या १६ वर्षांच्या संयमाचा मोठा वाटा आहे.

१९८९ : आर-३२, हिशेबानं घडवलेली गाडी

१९८० च्या दशकात निसाननं एक ध्येय ठरवलं. १९९० पर्यंत आपल्या गाड्या रस्ता धरण्यात जगात पहिल्या नंबरच्या व्हायला हव्यात. साकुराई आजारी पडल्यावर स्कायलाइनची जबाबदारी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नागानोरी इतो यांच्याकडे आली होती. ऑगस्ट १९८९ मध्ये इतो यांच्या चमूनं ‘आर-३२’ स्कायलाइन जीटी-आर बाजारात आणली.

या गाडीचं इंजिन २,५६८ सीसीचं, सहा सिलिंडर, दोन टर्बो. आता २.६ लिटर हा आकडा जरा विचित्र वाटतो. त्यामागे शर्यतीचा हिशेब आहे. त्या वेळच्या ‘ग्रुप ए’ शर्यतींत टर्बो असलेल्या इंजिनाची सीसी १.७ नं गुणायचा नियम होता. २,५६८ ला १.७ नं गुणलं की सुमारे ४,३६६ येतात, म्हणजे गाडी ४,५०० सीसीच्या गटात बसते. आधी २.४ लिटरचा विचार होता. पण चारही चाकांना ताकद द्यायची ठरली, त्यामुळे वजन वाढलं, आणि ते भरून काढायला इंजिन मोठं केलं.

टर्बो म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पिकअपवाल्यांना सांगायला नको. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूनं एक छोटी चक्री फिरते, ती इंजिनात जास्त हवा दाबते. हवा जास्त, तर इंधन जास्त जळतं आणि ताकद वाढते.

या गाडीतली सगळ्यात वेगळी गोष्ट होती तिचं फोर व्हील ड्राइव्ह. ट्रॅक्टरमध्ये आपण चिखलात हातानं दांडा ओढून पुढची चाकं जोडतो. आर-३२ मध्ये हे काम कॉम्प्युटर करायचा. एरवी ताकद मागच्याच चाकांना. मागची चाकं घसरायला लागली की सेन्सरला ते कळायचं आणि क्षणात पुढच्या चाकांकडेही ताकद जायची. त्यामुळे वळण घेताना गाडी हलकी वाटायची आणि वळणातून बाहेर पडताना जमीन सोडायची नाही. शिवाय वेगात असताना मागची चाकंही अगदी थोडीशी वळायची.

किंमत होती ४४ लाख ५० हजार येन. या पिढीच्या ४३ हजारांहून जास्त गाड्या खपल्या.

२८० चा आकडा आणि रस्त्यावरचे मृत्यू

आर-३२ ची ताकद कागदावर २८० पीएस होती. पुढच्या दोन पिढ्यांचीही कागदावर तितकीच. असं का?

जपानमध्ये १९७० साली रस्ते अपघातांत १६ हजारांवर माणसं गेली होती. नंतर सरकारनं आणि लोकांनी प्रयत्न करून हा आकडा खूप खाली आणला. पण १९८८ मध्ये तो पुन्हा दहा हजारांच्या वर गेला. त्याच सुमारास कंपन्यांची जास्त ताकदीच्या गाड्या काढायची चढाओढ लागलेली. टीका वाढली, तेव्हा जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं की, यापुढे २८० पीएसच्या वर जायचं नाही. हा कायदा नव्हता, शब्द होता. २००४ पर्यंत तो चालला. जपानमध्ये विकायच्या गाड्यांचा वेग ताशी १८० किलोमीटरला कंपनीतूनच अडवलेला असायचा.

जीटी-आरचं इंजिन मात्र मुळात याहून कितीतरी जास्त ताकद सोसेल असं बनवलेलं होतं. त्याचा ब्लॉक भक्कम बिडाचा. शर्यतीच्या गाडीत हेच इंजिन ५०० पीएसच्या वर जायचं. म्हणून गॅरेजवाले कारागीर या गाडीवर तुटून पडले. इंजिन खोलायचं, मोठे टर्बो बसवायचे आणि ताकद दुप्पट, तिप्पट करायची, असा एक धंदाच जपानमध्ये उभा राहिला.

ऑस्ट्रेलियानं नाव ठेवलं ‘गॉडझिला’

१९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत २९ शर्यती झाल्या. आर-३२ नं २९ च्या २९ जिंकल्या. शेवटी शेवटी स्पर्धा जीटी-आर विरुद्ध जीटी-आर अशीच उरली.

ऑस्ट्रेलियातही तेच झालं. तिथे फोर्ड आणि होल्डन या दोन गाड्यांचे चाहते म्हणजे आपल्याकडच्या दोन तालमींसारखे, पिढ्यान् पिढ्या आपापल्या बाजूनं उभे. त्यांच्यात ही जपानी गाडी घुसली. एका ऑस्ट्रेलियन मासिकानं १९८९ मध्येच तिला ‘गॉडझिला’ म्हटलं होतं. गॉडझिला म्हणजे जपानी सिनेमातला समुद्रातून येऊन शहर तुडवणारा राक्षस. नाव अगदी चपखल बसलं.

१९९१ मध्ये जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ यांनी बाथर्स्टची मानाची १,००० किलोमीटरची शर्यत या गाडीनं जिंकली. १९९२ ला गाडीवर जादा वजन लादलं, टर्बोचा दाब कमी करायला लावला. तरी त्याच जोडीनं पुन्हा जिंकली. पण त्या दिवशी शेवटी जोराचा पाऊस आला, गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या, त्यात ही जीटी-आरही आपटली. शर्यत थांबवली आणि आधीच्या फेरीतल्या क्रमानं निकाल दिला. बक्षीस घ्यायला दोघं वर गेले तेव्हा खालच्या गर्दीनं हुर्यो उडवली. रिचर्ड्स यांनी माइकवरूनच गर्दीला खडसावलं. पुढच्या वर्षी नियमच बदलले आणि जीटी-आरला तिथे जागा राहिली नाही. ट्रॅकवर हरवता आलं नाही, ते कागदावर झालं.

आर-३३ आणि आर-३४

जानेवारी १९९५ मध्ये आर-३३ आली. ती थोडी मोठी आणि जड होती, म्हणून काही चाहते नाराज झाले. पण जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग या सुमारे २१ किलोमीटरच्या अवघड डोंगरी ट्रॅकवर तिनं ७ मिनिटं ५९ सेकंदांत फेरी मारली. आर-३२ पेक्षा २१ सेकंद कमी. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत या पिढीची गाडी दहावी आली.

जानेवारी १९९९ मध्ये आर-३४ आली. आकार पुन्हा आटोपशीर, सहा गिअर, आणि डॅशबोर्डवर टर्बोचा दाब, तेलाचं तापमान असे आकडे दाखवणारा स्क्रीन. त्या काळात गाडीत असा स्क्रीन म्हणजे नवल होतं. प्लेस्टेशनवरचा ‘ग्रान तुरिस्मो’ गेम आणि २००३ चा ‘टू फास्ट टू फ्युरियस’ सिनेमा यांनी ती जगभर नेली. ज्या देशांत ती कधी विकली गेली नाही, तिथली पोरंही तिचे भाग तोंडपाठ सांगू लागली. आपल्या गावापर्यंत हे नाव आलं ते याच वाटेनं.

ऑगस्ट २००२ मध्ये आर-३४ बंद झाली. कारण पुन्हा तेच, धुराचे नवे नियम. या पिढीच्या साडेअकरा हजारांच्या आसपासच गाड्या बनल्या. अमेरिकेत २५ वर्षं जुनी झाल्यावर परदेशी गाडी सहज आणता येते. त्यामुळे जुन्या जीटी-आरचे भाव आभाळाला भिडले. ‘फास्ट अँड फ्युरियस’ मालिकेतल्या २००९ च्या सिनेमात पॉल वॉकर यांनी चालवलेली आर-३४ २०२३ मध्ये लिलावात १३ लाख ५७ हजार डॉलरला गेली.

कंपनी बुडायला आली, तरी नाव सोडलं नाही

१९९९ मध्ये निसानवर सुमारे दोन लाख कोटी येन कर्ज होतं. फ्रान्सच्या रेनो कंपनीनं ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि कार्लोस गोन यांना कारभार पाहायला पाठवलं. त्यांनी कारखाने बंद केले, हजारो नोकऱ्या कमी केल्या. असा माणूस वेगवान गाडीला पैसे देणार नाही, असंच कुणालाही वाटलं असतं. पण २००१ च्या टोकियो मोटर शोमध्ये जीटी-आरचा नमुना मांडला गेला. पुढे काझुतोशी मिझुनो यांच्यावर काम सोपवलं. मिझुनो यांनी निसानचा शर्यतीचा संघ सांभाळला होता आणि तो संघ १९९२ मध्ये अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकून आला होता.

२००७ : आर-३५

ऑक्टोबर २००७ मध्ये नवी जीटी-आर लोकांसमोर आली, डिसेंबरमध्ये विक्री सुरू झाली. या वेळी ‘स्कायलाइन’ हे नाव गळलं. नुसतं ‘निसान जीटी-आर’. ३.८ लिटर, व्ही आकाराचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ४८० पीएस. गाडीचं वजन १,७४० किलो. तोल साधावा म्हणून इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला जायला साधारण साडेतीन सेकंद. किंमत ७७ लाख ७० हजार येन, म्हणजे तोडीच्या युरोपीय गाड्यांपेक्षा बरीच कमी.

योकोहामाच्या कारखान्यात धूळ नसलेल्या खोलीत प्रत्येक इंजिन एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातानं जुळवायचा. या कारागिरांना ‘ताकुमी’ म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत उस्ताद. इंजिन तयार झालं की त्यावर त्या ताकुमीच्या नावाची पट्टी लागायची. १८ वर्षांत हे काम अवघ्या नऊ जणांनी केलं. कामाची जबाबदारी नावानिशी घेणारी माणसं आता कुठल्याच कारखान्यात फारशी उरलेली नाहीत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

दरवर्षी गाडीत सुधारणा होत गेली. ताकद ५७० पीएस झाली, ‘निस्मो’ नावाच्या खास मॉडेलची ६०० पीएस. २०१३ मध्ये निस्मोनं नुरबुर्गरिंगची फेरी ७ मिनिटं ८ सेकंदांत मारली.

आणखी एक गोष्ट आपल्या पोरांनी वाचावी अशी. जपानमधल्या आर-३५ ला ताशी १८० चं कुलूप होतं. गाडी मान्यताप्राप्त रेसिंग ट्रॅकवर आहे, हे जीपीएसवरून कळलं तरच ते कुलूप काढता यायचं. रस्त्यावर नाही. ज्यांनी हा वेग घडवला, त्यांनीच तो कुठे वापरायचा याची हद्दही ठरवून दिली. जीटी-आरचं स्टिकर लावून डांबरी रस्त्यावर शंभरनं दुचाकी हाणणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. हिचे सगळे विक्रम बंद ट्रॅकवरचे आहेत. तिथे समोरून बैलगाडी, शाळेची मुलं किंवा उसाची ट्रॉली येत नाही.

भारतात जीटी-आर

निसाननं डिसेंबर २०१६ मध्ये जीटी-आर भारतात आणली. दिल्लीतली शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख रुपये. मुंबईचा अभिनेता जॉन अब्राहम त्या वेळी निसानच्या जाहिराती करायचा, त्याच्याकडे २०१७ मध्ये ही गाडी आली. जुन्या आर-३२, आर-३३, आर-३४ या पिढ्या कंपनीनं इथे कधी विकल्या नाहीत. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, असा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे कुणी मोबाइलवर ‘स्वस्तात आर-३४, कागदपत्रांसह’ असं दाखवून आगाऊ रक्कम मागत असेल, तर आधी आरटीओत चौकशी करावी.

आपल्या रस्त्यावर निसानची ओळख आहे ती मॅग्नाइट या छोट्या गाडीची. जीटी-आर आणि मॅग्नाइट एकाच कंपनीच्या, एवढाच काय तो संबंध.

शेवट कसा झाला?

आर-३५ एकदम बंद झाली नाही, एकेका देशातून उठत गेली. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये बाजूनं बसणाऱ्या धडकेच्या सुरक्षेचा नवा नियम आला. युरोपात २०२२ मध्ये आवाजाचा नियम आला. अमेरिकेतली विक्री २०२४ च्या मॉडेलबरोबर संपली. जपानमध्ये काही सुटे भाग मिळणं अवघड झाल्यावर मार्च २०२५ मध्ये ऑर्डर घेणं थांबलं आणि ऑगस्टमध्ये शेवटची गाडी बनली. जांभळ्या रंगाची ती गाडी जपानमधल्याच ग्राहकाला गेली. १८ वर्षांत सुमारे ४८ हजार आर-३५ बनल्या.

त्याच वर्षी निसान पुन्हा अडचणीत होती. मे २०२५ मध्ये कंपनीनं २० हजार नोकऱ्या कमी करायचं आणि कारखाने १७ वरून १० वर आणायचं जाहीर केलं. तरीही कंपनीचे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी सांगितलं की, हा जीटी-आरचा कायमचा निरोप नाही, नाव एक दिवस परत आणायचं आहे. कधी, ते सांगितलं नाही. १९७३ नंतर १६ वर्षं लागली, २००२ नंतर पाच.

थोडक्यात

- १९५७ : प्रिन्सवाल्यांची पहिली स्कायलाइन
- १९६४ : सुझुकात पोर्शेशी झुंज, दुसरा ते सहावा नंबर
- १९६६ : प्रिन्स निसानमध्ये विलीन
- १९६९ : पहिली जीटी-आर, १६० पीएस
- १९७३ : केनमेरी, फक्त १९७ गाड्या, मग १६ वर्षं बंद
- १९८९ : आर-३२, पुढे जपानमध्ये २९ पैकी २९ विजय
- १९९५ : आर-३३
- १९९९ : आर-३४, २००२ मध्ये बंद
- २००७ : आर-३५, स्कायलाइन नाव गळलं
- २०१६ : भारतात विक्री सुरू
- २०२५ : २६ ऑगस्टला शेवटची गाडी